ऑपरेटरचा सुपरवायझर घडवताना: नाशिकच्या कारखान्यांसाठी बारा आठवड्यांचा आराखडा

अंबडच्या एका कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून लाइन तू बघायची." शनिवारी मी नेहमीसारखा मशीनवर होतो. सोमवारी तीच मशीन, तीच माणसं, बदलला होता फक्त शर्टाचा रंग. तिसऱ्या दिवशी एका जुन्या ऑपरेटरचे पस्तीस नग तपासणीत नाकारले गेले आणि मी त्यांना सगळ्यांच्या देखत बोललो. ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे. आदल्या आठवड्यापर्यंत मी त्यांना नाना म्हणत होतो. नाना तेव्हा काही बोलले नाहीत. पण पुढचे चार महिने मशीनच्या आवाजात फरक पडला तरी त्यांनी मला आपणहून सांगितलं नाही. त्याआधी बेअरिंग जाणार हे नुसत्या आवाजावरून सगळ्यांत आधी ओळखणारे तेच होते.

मला काम येत होतं. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, दिंडोरी, कुठेही जा, बहुतेक सुपरवायझर आजही असेच तयार होतात. सर्वांत हुशार ऑपरेटर निवडायचा, त्याला वरची जागा द्यायची आणि बाकीचं तो आपोआप शिकेल असं धरून चालायचं. ते आपोआप होत नाही. ते शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं.

पुढचा आराखडा पन्नास ते तीनशे माणसांच्या कारखान्यासाठी किंवा पॅकहाउससाठी, म्हणजे फळं निवडून भरण्याच्या जागेसाठी, आहे. हॉटेलातल्या हॉलचा खर्च त्यात नाही. वेळ मात्र लागतो, आणि प्रॉडक्शन मॅनेजरने स्वतः थोडं बदलायची तयारी.

पहिला आठवडा: वही घेऊन उभे राहा

प्रशिक्षण घ्यायचं ठरलं की लोक आधी वक्ता शोधतात. तुम्ही आधी शॉप फ्लोअरवर जा. एक पहिली पाळी आणि एक तिसरी पाळी पूर्ण उभं राहून बघा. तिसरी टाळू नका. साहेब लोक घरी गेल्यावर सुपरवायझर कसा वागतो ते रात्रीच दिसतं.

वहीत चारच गोष्टी टिपायच्या. सुपरवायझरने किती वेळा स्वतः मशीन हातात घेतली? किती जणांशी तो नाव घेऊन बोलला? कोणत्या गोष्टीसाठी त्याने वरच्याला फोन केला? आणि पाळी बदलताना, म्हणजे आधीची वीस आणि नंतरची वीस मिनिटं, नेमकं काय बोलणं झालं?

पहिला आकडा सर्वांत बोलका असतो. नवा सुपरवायझर अडचण आली की ऑपरेटरला बाजूला सारतो आणि सेटिंग स्वतः करतो. त्यात त्याला बरं वाटतं, कारण ते काम त्याला येतं. पण ऑपरेटर हात बांधून उभा राहतो आणि उद्या तीच अडचण आली की पुन्हा त्याचीच वाट बघतो. एका पाळीत असं सहा-सात वेळा झालं, तर त्या लाइनवर सुपरवायझरच्या पगाराचा आणखी एक ऑपरेटर आहे आणि सुपरवायझर कुणीच नाही.

बघून झालं की त्यावर लगेच शेरे मारू नका. वही जपून ठेवा, ती तेराव्या आठवड्यात लागणार आहे.

दुसरा आठवडा: अधिकाराचा तक्ता

ही पायरी लोक गाळतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

सुपरवायझरला "लीडरशिप" शिकवून लाइनवर पाठवलं आणि तिथे त्याला एका माणसाला तासभर आधी घरी सोडायचाही अधिकार नसेल, तर शिकवलेलं दोन दिवसांत विरून जातं. कामगारांना हे लगेच कळतं. मग ते त्याला ओलांडून थेट मॅनेजरकडे जातात, मॅनेजरही कौतुकाने रजा देऊन टाकतो, आणि सुपरवायझर निरोप्या होतो.

म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर, एचआर आणि सुपरवायझर यांना एका टेबलावर बसवा. एका कागदावर तीन रकाने आखा: "स्वतः ठरवेन", "ठरवेन आणि कळवेन", "विचारून करेन". मग रोजचे प्रसंग एकेक करून त्यात टाका. ताप आलेल्या माणसाला घरी पाठवणं. एका दिवसाची रजा. ऑपरेटर या मशीनवरून त्या मशीनवर हलवणं. माल खराब येतोय म्हणून लाइन थांबवणं. ओव्हरटाइमला कुणाला थांबवायचं. ठेकेदाराच्या माणसाला परत पाठवणं.

वाद होईल, आणि तो याच खोलीत झालेला बरा. एका ठिकाणी लाइन थांबवण्यावरून दीड तास गेला. मॅनेजर म्हणाले, "विचारल्याशिवाय नाही." सुपरवायझर म्हणाला, "साहेब, रात्री दोनला तुम्ही फोन उचलत नाही." शेवटी ठरलं की सलग तीन नग मापाबाहेर गेले तर तो स्वतः लाइन थांबवेल आणि नंतर कळवेल. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर एकाही नगाची वाट बघायची नाही. हे एका ओळीत लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. माझ्या मते त्या कारखान्यातलं अर्धं प्रशिक्षण त्या दीड तासात झालं.

मॅनेजरकडून एक वचन मात्र घ्यायचं. पहिल्या रकान्यातल्या गोष्टीसाठी कामगार थेट त्याच्याकडे आला, तर उत्तर एकच: "तुमच्या सुपरवायझरशी बोललात का?" सुपरवायझरचा निर्णय चुकला असेल तर तो त्याला नंतर, एकट्याला सांगायचा. कामगारांसमोर फिरवायचा नाही.

तिसरा ते सातवा आठवडा: दोन तासांची पाच सत्रं

आठवड्यातून एकदा, दोन तास, दहा-बारा जण. याहून मोठी तुकडी केली तर सगळ्यांना करून बघायला मिळत नाही. रविवारी ठेवू नका, सुट्टी हिरावली की माणूस चिडूनच येतो. पहिली पाळी सुटताना किंवा दुसरी सुरू होण्याआधी ठेवा आणि तो वेळ कामाचा धरा.

पाच सत्रांचा हा साचा माझा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कारखाना कधी न पाहिलेली माणसं, त्यात मोठ्या संख्येने स्त्रिया, कामावर आली. त्यांना पटकन तयार करायला १९४० साली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा उपक्रम सुरू झाला. १९४५ पर्यंत त्यातून १६ लाखांहून अधिक लोकांना प्रशिक्षण मिळालं. काम शिकवणं, काम सुधारणं आणि माणसं सांभाळणं, असे त्याचे तीन भाग. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली आणि तिथल्या वाहन उद्योगाने ती मनापासून जपली. त्यातलं एक सूत्र मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून देतो: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

सत्र पहिलं आणि दुसरं: काम शिकवणं

"बघ, असं करायचं. कळलं ना?" आणि समोरचा मान हलवतो. आपल्याकडचं बहुतेक शिकवणं एवढ्यावर संपतं. मान हलली म्हणजे कळलं असं नसतं. पहिल्याच दिवशी साहेबाला नाही कोण म्हणणार?

शिकवण्याआधी सुपरवायझरने काम कागदावर फोडायचं. तीन रकाने: टप्पा, त्यातला कळीचा मुद्दा आणि कारण. उदाहरण द्राक्षांच्या पॅकहाउसचं घेतो, कारण दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात हंगाम आला की दरवर्षी नव्या बायका कामाला येतात आणि पहिल्या आठवड्यात बराच माल हाताळणीतच बिघडतो.

टप्पा: घड उचलणं. कळीचा मुद्दा: देठाला धरायचं, मण्यांना बोट लावायचं नाही. कारण: मण्यावरचा पांढुरका, मेणासारखा थर पुसला गेला की माल हाताळलेला दिसतो.

टप्पा: खराब मणी काढणं. कळीचा मुद्दा: कात्रीचं टोक शेजारच्या मण्याकडे वळवायचं नाही. कारण: मणी टोचला की रस सुटतो आणि तिथूनच बुरशी धरते. एक मणी अख्ख्या खोक्याला महागात पडतो.

टप्पा: पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, भरणं. कळीचा मुद्दा: जागा उरली तर छोटा घड निवडायचा, मोठा दाबून बसवायचा नाही. कारण: दाबलेले मणी देठापासून सुटतात.

आता शिकवणं, चार पायऱ्यांत. आधी माणसाला सैल करायचं. "ताई, घरची बाग आहे का? घड कधी हाताळलेत का?" एवढं विचारलं तरी तिला काय येतं ते कळतं आणि भीतीही जाते. मग तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा फक्त टप्पे, दुसऱ्यांदा कळीच्या मुद्द्यांसह, तिसऱ्यांदा कारणांसह. तिला आपल्या शेजारी, त्याच बाजूने उभं करायचं. समोर उभं केलं की डावं-उजवं उलटं दिसतं. तिसरी पायरी, तिच्याकडून करून घ्यायचं, तेही तीनदा: एकदा गप्प, एकदा टप्पे बोलत, एकदा कारणं सांगत. चूक झाली तर तिथेच थांबवायचं, चुकीची सवय लागू द्यायची नाही. चौथी, तिला कामाला सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते दाखवायचं, आणि पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने जाऊन बघायचं. मग हळूहळू फेऱ्या कमी करायच्या.

या दोन सत्रांत प्रत्येकाने आपल्या लाइनवरचं एक खरं काम फोडून आणायचं आणि त्या कामात अडाणी असलेल्या दुसऱ्या सुपरवायझरला शिकवायचं. पेंटशॉपवाल्याने मशीनशॉपवाल्याला. "हे तर कुणालाही कळतं" हा गैरसमज तिथे दहा मिनिटांत जातो.

सत्र तिसरं: बोलणं

माझ्या नानांकडे परत येतो. त्या दिवशी मी काय बोलायला हवं होतं, ते आता तुकडीला असं दाखवतो.

"नाना, दोन मिनिटं इकडे येता का?" आणि लाइनपासून थोडं दूर. "सकाळपासून मापाची दर तासाची नोंद दोनदा राहिलीय. दुपारी पस्तीस नगांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा निघाला. तो कधीपासून मोठा व्हायला लागला ते कळत नाही, म्हणून सकाळचे सगळे नग परत तपासावे लागतायत. काय झालं होतं?"

आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सर्वांत अवघड आहे. सरावात बहुतेक जण दोन सेकंदांत पुन्हा बोलायला लागतात आणि प्रश्नाचं उत्तरही स्वतःच देतात.

कित्येकदा उत्तर असं येतं: "भोक मोजायचा प्लग गेज कालपासून शेजारच्या लाइनवर नेलाय. मागायला जायचं तर मशीन सोडून जावं लागतं." म्हणजे चूक नानांची एकट्याची नव्हती. नुसतं ओरडलं तर गेजचा पत्ता कधीच लागत नाही.

रचना साधी आहे: काय दिसलं, त्याने काय झालं, आणि प्रश्न. "तुम्ही नेहमीच असं करता", "तुमचं लक्ष नसतं" ही वाक्यं बंद. दिसलेलं सांगायचं, स्वभावावर जायचं नाही. आणि कौतुकही असंच नेमकं करायचं. "छान, छान" म्हटल्याने कुणाला काही कळत नाही. "तुम्ही आवाज ओळखून मशीन थांबवलीत, स्पिंडल वाचलं" हे माणूस घरी जाऊन सांगतो.

सराव तिघांचा. एक सुपरवायझर, एक कामगार, तिसऱ्याने फक्त शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायचे. स्वतःची वाक्यं वाचून दाखवली की माणसाला शिकवावं लागत नाही.

याच सत्रात संबोधनाचा विषय काढा, मराठीत तो फार मोठा आहे. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने पन्नाशीच्या माणसाला "अरे" म्हटलं की पुढचं कितीही बरोबर असो, ऐकलं जात नाही. वयाने मोठ्यांना अहो, आणि रागातही अहोच. रागात "अहो"चं "अरे" झालं की माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही. बरोबरचा मित्र हाताखाली आला असेल तर पहिल्या दिवसाआधीच त्याच्याबरोबर चहा घ्या आणि स्पष्ट सांगा: "आपलं अरे-तुरे राहील, पण रजा आणि ओव्हरटाइम वाटताना तुला वेगळा नियम नसेल." हे न बोलता सुरू केलेल्या मैत्र्या मी तुटताना पाहिल्या आहेत. परप्रांतातल्या कामगाराला सूचना दिली की ती त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. नाशिकच्या सिडको भागात राहणारी खान्देशातली माणसं एकमेकांत अहिराणीत बोलतात. सुपरवायझरला दोन वाक्यं येत असतील तर त्याने ती जरूर बोलावीत.

सत्र चौथं: माणूस अडला की

एक ऑपरेटर ऑक्टोबरात न सांगता दांड्या मारतो. तीन आठवड्यांत पाच. एचआर म्हणतं नोटीस द्या. इथे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'तल्या माणसं सांभाळण्याच्या चार पायऱ्या कामी येतात: माहिती गोळा करा, तोलून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा. आपली गाडी थेट तिसरीवर जाते. म्हणून या सत्रात दीड तास पहिल्या पायरीवरच घालवा.

हजेरीपट काढा, तारखा मांडा. मग विचारा, त्या तारखांना दुसरं काय घडलं होतं? माझ्या एका तुकडीतल्या सुपरवायझरने हे केलं. पाचही दांड्या रात्री पाऊस झाल्यानंतरच्या सकाळच्या होत्या. तो माणूस निफाड तालुक्यातला, घरी दीड एकर बाग, छाटणी नुकतीच झालेली. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारा सकाळी मारावाच लागतो, उद्यावर ढकलला तर वर्ष जातं. रात्री अकराला पाऊस सुरू झाल्यावर तो रजेचा अर्ज कुणाकडे देणार होता? उपाय साधा निघाला: छाटणीनंतरचे सहा आठवडे दुसरी पाळी. सकाळ बागेला, दुपार कारखान्याला. नोटीस दिली असती तर आठ वर्षांचा ऑपरेटर गेला असता.

यातून पुढची गोष्ट सुचते. प्रत्येक सुपरवायझरने आपल्या माणसांचं वर्षाचं गैरहजेरीचं कॅलेंडर करावं. कुणाची द्राक्षछाटणी, कुणाचा उन्हाळ कांदा, कुणाची आखाजी (अक्षय तृतीया), कुणाची सप्तशृंगीची यात्रा, कुणाला श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. हे सगळं आधीपासून माहीत असतं. तरी दरवर्षी त्या सकाळी आपण दचकतो.

याच सत्रात एक सीमारेषाही शिकवा. छेडछाडीची किंवा लैंगिक छळाची तक्रार सुपरवायझरकडे आली तर ती त्याने "आपापसात मिटवायची" नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याचं काम ऐकून घेणं, तक्रार करणारीला समितीपर्यंत पोचवणं आणि कुठेही वाच्यता न करणं, एवढंच.

सत्र पाचवं: पाळीची सुरुवात आणि शेवट

पाळी सुरू होताना दहा मिनिटं, उभ्याने. काल काय झालं, आज काय काढायचं, कुठे जपायचं, कुणाला काही सांगायचंय का. शेवटचा प्रश्न विचारून थांबायचं. पाळी संपताना वहीत तीन ओळी: मशीनची अवस्था, अर्धवट राहिलेलं काम, माणसांचं काही. दोन्ही सुपरवायझरांनी लाइनवर एकत्र चालत जाऊन ती वाचायची.

उरलेल्या वेळात नियोजनाचा सराव घ्या. २०२७ च्या सिंहस्थातली पर्वणीची तारीख द्या आणि सांगा: रस्ते बंद, पंचवटीकडची आणि त्र्यंबक रोडची माणसं पोचू शकत नाहीत, डिस्पॅच आदल्या रात्री निघायला हवं. कुणाला कधी बोलवाल, कुणाला रजा द्याल, आणि हे लोकांना किती दिवस आधी सांगाल? शेवटच्या प्रश्नावरच खरी चर्चा होते. आपल्यावर परिणाम करणारा बदल आधी कळला तर माणूस सोसतो.

आठवा ते बारावा आठवडा: फ्लोअरवर

इथे शिकवणं थांबतं आणि बघणं सुरू होतं. दर आठवड्याला प्रत्येक सुपरवायझरने एकच गोष्ट निवडायची: या आठवड्यात दोन जणांना चार पायऱ्यांनी शिकवीन, किंवा रोज एकाशी लाइनबाहेर बोलेन. मॅनेजरने आठवड्यातून एकदा वीस मिनिटं शेजारी उभं राहून ते बघायचं, आणि नंतर त्याच रचनेत बोलायचं: काय दिसलं, त्याने काय झालं, प्रश्न. मॅनेजर स्वतः तसं बोलला नाही तर सुपरवायझरही बोलत नाही. सहा कारखान्यांत मी हे करून पाहिलं. जिथे मॅनेजर आठव्या आठवड्यानंतर दिसेनासा झाला, तिथे सगळं पूर्वपदावर आलं.

चार-पाचच सुपरवायझर असलेल्या छोट्या युनिटने एकट्याने हे करू नये. शेजारच्या दोन-तीन युनिटांनी मिळून एक तुकडी करावी. सातपूर-अंबडमध्ये निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, एकत्र येण्यासाठी त्यांच्याकडे शब्द टाकता येतो. दुसऱ्याची लाइन बघितली की आपली नव्याने दिसते, हा त्यातला वरचा फायदा.

मोजायचं काय?

सत्र संपल्यावर "कसं वाटलं" असा फॉर्म भरून घेतात. सगळे चांगलंच लिहितात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासण्याच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. फॉर्म पहिल्याच पातळीवर संपतो.

तुम्ही तीन आकडे घ्या. नवा माणूस एकट्याने लाइन सांभाळायला किती दिवस लागतात. न कळवता झालेल्या गैरहजेऱ्या. आणि रात्री मॅनेजरला येणारे फोन. तिन्ही सुरुवातीच्या आधीपासून टिपायला हवेत. तुलना करताना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. ऑक्टोबर आणि जानेवारी शेजारी ठेवले, तर तुम्ही प्रशिक्षण नाही, छाटणीचा हंगाम मोजत असता.

मग तेराव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची वही घेऊन त्याच जागी, त्याच दोन पाळ्या पुन्हा उभे राहा. तेच चार प्रश्न टिपा. आणि एक पाचवा जोडा: एखादा ऑपरेटर मशीनचा आवाज बदलला म्हणून स्वतःहून सुपरवायझरकडे चालत आला, तर ती वेळ लिहून घ्या.